तिसरा स्टड

मी सेकंड इयरला असताना आमच्या जीपमधून सकाळी टिकटिक असा आवाज येऊ लागला. गाडी जुनी, टर्बो डिझेलची. आम्ही राहतो ते गाव राहुरीपासून बरंच आत आहे, आणि कॉलेजची प्रॅक्टिकल्स संपायच्या आधीच शेवटची एसटी निघून जाते. म्हणून पप्पा मला आणि गावातल्या आणखी काही मुलींना जीपनेच ने-आण करायचे. गाडी गेली तर माझं कॉलेज सुटणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं. पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आवाज वाढला, आत धुराचा वास येऊ लागला, चढावर गाडी ओढेना. गॅरेजच्या मेस्त्रीने बॉनेट उघडून बघितलं. इंजिनातला तापलेला धूर ज्या मॅनिफोल्डमधून टर्बोकडे जातो, तो घट्ट धरून ठेवणारे तीन स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, तुटले होते. त्यांचे तुकडे इंजिनाच्या हेडमध्येच अडकले होते.

"हे बसवलं कुणी?" मेस्त्रीने विचारलं.

ते पप्पांचंच काम होतं. ते गेट, ग्रिल आणि उसाच्या ट्रॉल्या बनवतात. मागे स्टड खराब झाले तेव्हा त्यांनीच ट्रॉलीचे बोल्ट कापून बसवले होते, पान्याला पाइप लावून आवळले होते.

"हेड उतरवावं लागंल. त्यापेक्षा देऊन टाका गाडी. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं," मेस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "अन् ताईचं बी उरकून टाका आता. किती शिकवता?"

परतताना पप्पा म्हणाले, "ट्रॉलीचा बोल्ट एवढा ऊस ओढतो. म्हटलं, धुराची धग काय, सहज सोसंल."

"पप्पा, आपणच काढू ते तुकडे."

"अजून मोडलं म्हंजी?"

"मोडलेलंच हाय की."

रविवारी चर्चहून आल्यावर आम्ही अंगणात गाडी उघडली. पप्पांनी तुटक्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग मारलं. लोखंड लाल झालं की मी त्याला मेणबत्ती टेकवायची, म्हणजे मेण वितळून आट्यांमध्ये उतरतं आणि जाम तुकडा सैल होतो. त्यासाठी मी नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्यांचा डबा घेतला, तर आई ओरडली, "अगं, येशूच्या मेणबत्त्या गाडीला?"

"तीच गाडी पोरीला कॉलेजात न्हेती न्हवं?" पप्पा म्हणाले. आईने डबा माझ्याकडेच राहू दिला आणि ती आत गेली.

दोन तुकडे निघाले. तिसरा अगदी खोल तुटला होता. त्यावर लावलेला नट प्रत्येक वेळी वेल्डिंग सुटून पान्याबरोबर हातात यायचा. तेवढ्यात मेस्त्री गिऱ्हाइकाला घेऊन आला.

"उघडीच हाय व्हय? बरं झालं," गिऱ्हाईक म्हणाला. "टेम्पो लावून उचलून नेतो."

पप्पांनी फडक्याला हात पुसले. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते आता हो म्हणतील.

"गाडी द्यायची न्हाई," मी म्हणाले.

"ताई, मोठी मानसं बोलत्यात," मेस्त्री म्हणाला.

"मग मोठ्या माणसांनी ऐकावं. द्यायची न्हाई."

मेस्त्री हसला. "अन् न्हाई निघाला तुकडा तर?"

"उद्या कॉलेजातून आल्यावर परत कामाला लागेन."

"कॉलेजात जानार कशानं?"

"फाट्यापर्यंत चालत. तिथनं मिळंल ते."

पप्पांनी वेल्डिंगचा मास्क तोंडावर ओढला आणि ते खाली वाकले. या वेळी आधी तुकड्यावरच वेल्डिंग चढवून उंची आणली, मग नट लावला. मी मेण टेकवलं, पाना बसवला. एकदम जोर लावला नाही. जरासं सोडायचं, जरासं परत आवळायचं, पुन्हा सोडायचं. हात भरून आले. पाठीमागे दोघं उभे आहेत हे मला सारखं जाणवत होतं, म्हणून मी थांबले नाही.

कर्रर्र आवाज झाला. पाना हलला, आणि नट या वेळी हातात आला नाही; त्याच्याबरोबर तुकडाच फिरला.

पप्पांनी मास्क वर केला. मागे वळून न बघताच ते म्हणाले, "चहा घेऊन जा तुमी. गाडी न्हाई मिळायची."