‘येतंय’ म्हणा

आधीच सांगून ठेवतो, मी या असल्या गोष्टींतला माणूस नाही. आमच्या मालवणात दर दुसऱ्या पिंपळावर कोणीतरी राहतं म्हणतात. मी त्या झाडांखालून अवेळी पुष्कळ फिरलो, पण ‘खंय चललंस’ एवढंसुद्धा कोणी कधी विचारलं नाही. शिवाय मी बोटीवर वायरलेस ऑपरेटर. हवेतून येणारे आवाज टिपणं हा माझा पगारी धंदा. प्रत्येक आवाजाला पाठवणारा असतो, जागा असते, वेळ असते... एकाच आवाजाचा पाठवणारा मला अजून नोंदवहीत लिहिता आलेला नाही.

गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. चार महिन्यांची रजा संपवून मी घरातून निघालो होतो. बायको, शालिनी, उंबऱ्याशी उभी. सकाळीच आमचं वाजलं होतं — मी बोट सोडावी आणि गावातच काहीतरी करावं, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे घराबाहेर पडताना कोणी ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतात. गेलेला माणूस परत यावा म्हणून. मी रागात होतो, आणि व्याकरणशुद्धही. म्हटलं, “जातंय.”

“येतंय म्हणा,” ती हळूच म्हणाली.

“जाणारो माणूस येतंय कित्याक म्हणतलो?”

आणि बंदराकडे चालू लागलो. मागे वळून पाहिलं नाही.

सात महिन्यांनी आमची बोट जपानमध्ये दुरुस्तीला गोदीत चढली. कंपनीच्या एजंटाने आम्हाला पाळीपाळीने दोन दिवसांची सुट्टी दिली आणि मला डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या एका जुन्या लाकडी सराईत धाडलं. हंगाम नव्हता. पाहुणा मी एकटाच. बॅगेत पुढच्या दोन वर्षांचा करार होता. परत गेल्यावर सही करायची, हे ठरलेलं.

सराईची मालकीण सत्तरीची. बूट दारात काढायचे, खोलीत सपाता काढायच्या, संडासासाठी तिसऱ्याच घालायच्या. एका कप चहाला एवढा सोपस्कार, की तेवढ्यात आमच्याकडे सत्यनारायण प्रसादापर्यंत पोचतो. खोलीभर चटया, मधे बुटकं मेज, बाहेर धुकं. दिवसभर एक शब्द बोलायला माणूस नाही.

चहा आला, तो दोन कप. बसायला गाद्या दोन. मी एक बोट वर करून एकटा असल्याचं सांगितलं. तिने हसून मला वाकून नमस्कार केला. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या गादीलाही केला. रात्री अंथरुणंही दोन घातली. म्हातारीला कमी दिसत असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हायला गेलो. दगडी हौद, पाण्याची वाफ, आणि मधे बांबूचा आडोसा. पलीकडे बायकांची बाजू, अर्थात रिकामी. गळ्यापर्यंत पाण्यात बसलो होतो. आडोशापलीकडून आवाज आला. हळू, पण स्वच्छ.

“येतंय म्हणा.”

वाऱ्याचा आवाज असेल, पाण्याचा असेल... हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त म्हटलं, “येतंय.” मोठ्याने म्हटलं. मग तसाच ओला उठलो. खोलीत येऊन घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं.

त्यानंतर चहा आला, तो एकच कप.

निघताना एजंटाचा कारकून न्यायला आला. त्याच्याकरवी मालकिणीला विचारलं. त्याने तिचं बोलणं इंग्रजीत सांगितलं, “तुमच्या मिसेस काल दुपारीच परत गेल्या, म्हणते.”

करारावर सही केली नाही. बोटीबरोबर मुंबईला उतरलो तो थेट घर गाठलं. शालिनी दारात होती, निम्मी झालेली. मोठ्या तापातून उठली होती. तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. सांगितलं ते आईने. “दोन दीस डोळो उघडूक नाय रे तिणा. मगे पेज उतरवतय तर उठान बसला आणि म्हणता, ‘आये, ते येतंय म्हणाले. माका पेज वाढा.’”

दिवस कुठला, विचारलं. एकादशी होती, म्हणाली. पंचांगावर माझा विश्वास नाही, तरी उघडलं. तिथी जुळली. जपानातले सव्वातीन म्हणजे आपल्याकडे पावणेबारा... आमच्या घरी पेज उतरायची वेळ. बाकी आईच्या आठवणीला मी पुरावा मानत नाही. तसा माझ्याही नाही.

शालिनीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मगे, म्हणालात मां शेवटी?”

पुढे मालवणातच रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. संसार चांगला झाला. गेल्या वर्षी ती गेली, दवाखान्यात, माझ्या समोर. जाताना म्हणाली, “येतंय.”

स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. चहा मात्र मी दोन कप करतो. त्यातला एक थंड होतो... विज्ञानाच्या नियमाप्रमाणे व्हायला हवा तसाच.