हिरवा तुकडा

निवृत्तीनंतर घरीच गोल्फचा सराव करता यावा म्हणून ह्यांनी आमच्या कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या घरामागे प्लास्टिकचं गवत बसवून घेतलं. ते बसवायला आलेला माणूस सुंदरबनातला होता. जमीन उकरताना त्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"गोड आहे," तो हिंदीत म्हणाला. "आमच्याकडे वादळात बांध फुटला आणि समुद्र शेतात शिरला. तेव्हापासून भात उगवत नाही."

दोन दिवस गुडघ्यांवर बसून त्याने ती हिरवी पाती ब्रशने उभी केली. जाताना उरलेला एक तुकडा मागितला.

"कशाला हवा?"

"आईला दिसत नाही, बौदी. रोज विचारते, शेत हिरवं झालं का? आज हा हातात देईन. म्हणेन, रोपं आली."

"हात लावल्यावर त्यांना कळेल ना?"

"लगेच कळेल. जन्म शेतात गेलाय तिचा." तुकड्याची गुंडाळी करत तो म्हणाला, "पण ती म्हणेल, छान आलीत. आणि मग परत विचारणार नाही."

मी तुकडा दिला. द्यायला नको होता, असं आजही वाटतं.