दोन डमी

आमच्या डहाणूच्या घरातला जुना गीझर शेवटच्या महिन्यात बंद व्हायचं विसरला. लाल दिवा विझत नसे, आणि नळ उघडला की आधी वाफ येई. नवा आणायचं ठरलं. वाडीत चिकू काढायला येणाऱ्या गंजाडच्या गड्याने जुना गीझर भिंतीवरून उतरवून दिला. पत्रा आणि फोम काढल्यावर आतून तांब्याची टाकी निघाली.

"भाऊ, ही भंगारात देऊ नका. मला द्या," तो म्हणाला. "सून बाळंत झालीये. चुलीवर ठेवून पाणी तापवीन."

मी हो म्हणालो. टाकीला पाण्याची दोन तोंडं होती, एक आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं. हत्यारांच्या डब्यात आट्यांची दोन बुचं सापडली. आमच्याकडे त्यांना डमी म्हणतात. त्याने न मागता मीच ती त्याच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. जुने पाइप आणि व्हॉल्व्ह बादलीत पडले होते. त्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह त्याने उचलला, उजेडात धरला आणि वडिलांकडे पाहिलं.

"काका, याच्या तोंडात हे कोणी ठोकलं?"

"मीच. दिवसभर टपकायचं."

ठिबकच्या नळीचं शेवटचं टोक बंद करायला आम्ही वाडीत जे प्लास्टिकचं बूच वापरतो, ते होतं. उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी खारं होतं, आणि गोडं पाणी थेंब थेंब जपावं लागतं. त्यामुळे वडिलांचं आयुष्य गळणारी प्रत्येक नळी बंद करण्यात गेलं आहे. गीझरचा व्हॉल्व्हही त्यांना तशीच एक नळी वाटला.

"पाणी तापलं की फुगतं, काका. त्याला बाहेर जायला ही एकच वाट. तुम्ही लोक आंघोळ करत होता की बॉम्बखाली बसत होता?"

वडील हसले. मीही हसणार होतो. तेवढ्यात मला टाकीची दोन तोंडं आठवली, आणि दोन डमी.

गड्याचा फोन लागेना. डहाणू ते गंजाड स्कूटरवर अर्धा तास. मी किती वेळात पोचलो ते मला सांगता येणार नाही. मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या आहेत. घरगुती स्फोटाच्या बातमीचा साचा ठरलेला असतो: गाव, वेळ, जखमी, आणि शेवटी 'कारण समजू शकले नाही'. रस्ताभर ती बातमी डोक्यात आपोआप लिहिली जात होती. फक्त शेवटचं वाक्य बसत नव्हतं. कारण मला माहीत होतं.

पाड्यावर त्याच्या घरासमोर धूर दिसला. अंगणात तीन दगडांवर टाकी आडवी ठेवली होती, खाली लाकडं चांगली पेटलेली. दोन्ही डमी जागच्या जागी, वर पांढरी टेप गुंडाळलेली. पाणी तापवणारी कॉइल बसवलेल्या झाकणाच्या कडेने बारीक शिट्टी येत होती. टाकीपासून चार पावलांवर घराची कारवीच्या कुडाची भिंत, आणि भिंतीआड बाळंतीण.

गडी बाजूला लाकडं फोडत होता, त्याची आई शेणी घेऊन चुलीकडे निघाली होती. मी ओरडलो, "मावशी, मागे या! सगळे मागे या!"

ती थांबली, पण मागे आली नाही.

"टाकी परत मागायला आला का?" तिने मुलाला विचारलं. "दिलेली वस्तू कोणी नेतं का रे?"

"मावशी, ती फुटेल."

"काल दिली तेव्हा फुटत नव्हती?"

गड्याने माझा चेहरा पाहिला आणि आईच्या हाताला धरून तिला ओढलं. मग तो आत गेला. सून मागच्या दाराने बाहेर आली, छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं पाच दिवसांचं बाळ. आम्ही तिला विहिरीच्या कठड्याआड बसवलं.

आता विस्तव काढायचा होता. मी विहिरीजवळच उभा राहिलो. गड्याने चिकू काढायचा लांब बांबू आणला, आंब्याच्या खोडाआड उभा राहिला आणि एकेक लाकूड ओढून बाजूला केलं. शिट्टी वाढल्यासारखी वाटली. बाळ रडलं तेव्हा सगळे दचकले.

शिट्टी थांबल्यावरही मी दोन तास कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. टाकीला हात लावता येऊ लागला तेव्हा पान्याने पहिली डमी सैल केली. तरीही आतून फुस्स झालं.

"दोन्ही तोंडं बंद कशाला केली?" मी विचारलं.

"एक उघडं ठेवणार होतो, राख जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला," गडी म्हणाला. "पण भाऊ, तुम्ही दोन दिल्या. म्हटलं, दोन लावायच्या असतील."

म्हातारीने तोच विस्तव फुंकून त्यावर जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं टोप चढवलं. एक तोंड उघडं ठेवून टाकी वापरली तर चालेल का, असं गड्याने विचारलं. चाललं असतं. पण माझ्या तोंडून हो निघालं नाही. मी टाकी स्कूटरला बांधली.

"बघ," म्हातारी मुलाला म्हणाली, "न्यायलाच आला होता."

टाकी पुन्हा कोणी चुलीवर ठेवू नये म्हणून मी प्लंबरला फोन केला होता; घरी परतलो तेव्हा तो तिला भोक पाडायला थांबला होता. मी त्याच्यासमोर ती उभी केली आणि ड्रिल आरपार जाईपर्यंत हललो नाही. भंगारवाला नंतर ती घेऊन गेला. गंजाडला दुसऱ्या दिवशी तांब्याचा नवा बंब पोचवला. म्हातारीने तो घेतला आणि माझ्याकडे पाठ करून आत नेला.

त्याच संध्याकाळी वडील न्हाणीघराच्या दारात उभे होते. नव्या गीझरचा व्हॉल्व्ह टपकत होता.

"यालाही गळती आहेच," ते म्हणाले. "तुझ्याकडे एखादी डमी आहे का रे?"

दोन्ही माझ्या खिशात होत्या. मी नाही म्हणालो आणि टपकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवली.