बोटाला किती क्लिक

आमच्या घरात एअर रायफल एक आणि ती चालवणाऱ्या जावा दोन. रायफल खरं तर मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, लेकासाठी आणलेली. बारावीचे क्लास लागले तशी त्याने ती कपाटावर टाकली. मग एकदा गंमत म्हणून आम्ही दोघी मानपाड्याच्या क्लबात गेलेलो आणि तिथेच अडकलो. क्लब म्हणजे कारखान्यांच्या रांगेतला एक गाळा, शेजारी खोकी बनवणारे, आत दहा मीटरवर नेमाचा कागद. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका पोटावर आडव्या पडून नेम धरतायत म्हटल्यावर पोरं आधी हसायची. नंतर हसायची बंद झाली.

रायफल एकच, म्हणून एक नियम होता. रायफलीवरच्या दुर्बिणीच्या डोक्यावर एक नॉब असतो. तो फिरवला की टिकटिक वाजतो, आणि एकेका क्लिकला छर्रा जरासा वर किंवा खाली सरकतो. ताईंची मान टेकवायची पद्धत वेगळी, माझी वेगळी. त्यामुळे जिने जितके क्लिक फिरवले, तिने उठताना तितके परत फिरवायचे. क्लबातल्या सरांनी शिकवलेलं, छर्रा बोटभर खाली लागत असेल तर वीस क्लिक वर. बोटाला वीस. भाजीत मीठ घालावं तसं ते मी न बघता करायला लागलेले.

पुढे राज्याच्या स्पर्धेसाठी क्लबातून बायकांमध्ये एकच जागा निघाली. ती मला हवी होती. सरळ सांगते, शाळेपासून आजवर माझा कशातच नंबर आलेला नाही, आणि हे मला जमत होतं. ताईंनाही ती हवी होती, पण त्या कबूल करत नव्हत्या. "अगं, मला काय करायचंय या वयात, तूच जा," म्हणायच्या, आणि दर रविवारी माझ्याआधी चपला घालून दारात तयार. मला हे असलं गोडगोड बोलणं अजिबात पचत नाही.

तेव्हापासून मी त्यांचे क्लिक ऐकायला लागले. त्या नॉब परत फिरवायला लागल्या की मी छर्र्यांच्या डबीशी उगाच चाळा करायचे आणि कान तिकडे. एखादा कमी फिरवून ठेवला, तर माझा नेम बिघडणार आणि खापर माझ्या डोळ्यांवर फुटणार. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या डोक्यात किडा आहे." त्याची लाडकी वहिनी, तो दुसरं काय म्हणणार.

निवड ठेवलेली टिटवाळ्याच्या पुढे, एका फार्महाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत, पन्नास मीटरवर. मी गाळ्याबाहेर कधी छर्रा मारलाच नव्हता. पाळी आधी माझी. सुरुवातीचे छर्रे चार बोटं खाली लागले. म्हटलं, सोपं आहे. बोटाला वीस, चार बोटांना ऐंशी. फिरवले. पुढचा छर्रा कागदावर नाहीच. त्याच्या पुढचाही नाही. कागदाच्या वर, मागच्या मातीच्या बांधावर नुसती धूळ उडालेली दिसली.

डोक्यात एकच आलं, ताईंनी काहीतरी केलंय. आदल्या दिवशी रायफल त्यांच्याच खोलीत होती. दुर्बिणीचा स्क्रू ढिला करून ठेवला असणार. मग नॉबला पुन्हा हात लावायचंही मला सुचलं नाही. मुद्दाम बिघडवलेल्या रायफलीचं मी काय दुरुस्त करणार? उरलेले छर्रे मातीत घातले, नियमाप्रमाणे ऐंशी क्लिक परत फिरवले आणि त्यांच्याकडे न बघता उठले.

ताई आडव्या झाल्या. त्यांचेही पहिले छर्रे जवळजवळ तिथेच, चार बोटं खाली. त्यांनी नॉब धरला. मी मोजत होतेच. सोळाला त्या थांबल्या. पुढचा छर्रा मधोमध लागला, आणि त्याच्या पुढचाही.

सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. दार जरासं लोटलं तर बिजागरीपाशी बोटभर हलतं, कडीपाशी वीतभर. क्लिकचंही तसंच. एक क्लिक म्हणजे ठरावीक अंतर नव्हे, ते वळण आहे, आणि लांब जाईल तसं ते पसरतं. दहा मीटरवर बोटाला वीस लागतात, तर पाचपट लांब, पन्नासवर चारच पुरतात. रायफलीला काही झालं नव्हतं. मी सोळा बोटं वर मारत होते.

परतताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?"

"मागेच विचारलेलं सरांना. निवड पन्नासवर आहे म्हटल्यावर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तू कान लावून माझे क्लिक मोजतेस, ते मला कळत नाही असं वाटलं तुला? सांगणार होते गं. मग म्हटलं, मोजू दे."

मला राग आला, रडूही आलं.

जागा त्यांना मिळाली. नंतर कितीतरी दिवस आम्ही घरात कुकरच्या शिट्ट्या आणि दूध एवढंच बोलत होतो. शेवटी एकदा त्या पोळ्या लाटत असताना मीच विचारलं, "ताई, पंचवीस मीटरला बोटाला किती?"

"आठ," त्या म्हणाल्या. लाटणं थांबलं नाही.

मी हं म्हटलं. दुसऱ्या दिवशी एकटी गाळ्यात गेले आणि सरांना विचारलं. आठच. खोटं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं.