उलटी वाहिलेली पन्हळ

माझ्या सासऱ्यांशी मी पहिली दोन वर्षं थेट बोललेच नाही. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि सासऱ्याला सांगायचं ते सासूला सांगायचं, अशी रीत. शाळेत पन्नास पोरांकडून ओरडून पाढे म्हणवून घेणारी बाई घरी आली की मुकी! माझ्यासारख्या तापट बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती.

दुष्काळाचं वर्ष होतं. लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि ती वरच्या गल्लीची. धम्म स्वीकारून आम्हाला कैक वर्षं झाली होती, पण विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काठापासून लांब बसून राहायच्या. कुणा बाईला दया आली की ती वरून घागरीत पाणी ओतायची. मी जाते म्हटलं तर आत्या जाऊ द्यायच्या नाहीत. मास्तरीणबाईनं हात पसरायचे नाहीत, म्हणायच्या. ते माझ्या फार जिव्हारी लागायचं.

एके दिवशी डोक्यात आलं, आपल्या पत्र्यांवर पडेल ते पाणी तर आपलं! एक सर आली तरी पिंपभर पाणी दारात. मला तर झोप लागेना. यांनी सहकारी साखर कारखान्यातून एक रिकामं पिंप मिळवलं, पत्रा वाकवून पन्हळ करून आणली आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेले. पन्हळ बसवायचं काम मामांकडं, म्हणजे सासऱ्यांकडं आलं.

मामा जुने गवंडी. पिंप उगवतीच्या कोपऱ्यात ठेवलेलं. मामांनी पत्र्याची कड धरून बोटांनी मोजलं, पिंपाकडं चार बोटं उतार दिला आणि आकडे ठोकून पन्हळ बसवली. माझ्या मनात मात्र शंका. आमची जागा मावळतीला उतरती, भिंतही त्याच चालीनं उतरत गेलेली, मग पत्र्याची कड तरी सरळ कशी असेल? मी आत्यांना सांगितलं, आत्यांनी मामांना. मामा आत्यांनाच म्हणाले, "भित म्या बांधलीय. तिला काय धाड भरलीय?"

मग मी आत्यांकडून एवढंच वदवून घेतलं की तांब्याभर पाणी ओतून बघू. दोन तास बसून मिळालेलं पाणी ते. देताना आत्यांचा हात अडखळला, पण दिलं त्यांनी. मावळतीच्या टोकाला शिडी लावून मी चढले. मामा पिंपापाशी ओट्यावर उभे. हात लांब करून मी पन्हळीत पाणी ओतलं. ते क्षणभर थबकलं आणि सरळ माझ्याकडंच धावत आलं!

तांब्या टाकून मी दोन्ही तळव्यांनी पन्हळीचं तोंड दाबून धरलं. फटीतून थेंब गळायला लागले. आत्या खाली परात घेऊन धावल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आत्यांना नाही, थेट मामांना.

"मामा, तुमचं टोक खाली घ्या. पाणी चाललं."

आत्यांनी जीभ चावली. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग पन्हळीतल्या पाण्याकडं पाहिलं, आणि आकडा उपटून पन्हळ हातानंच खाली घेतली. मी म्हणत गेले, अजून, अजून दोन बोटं. तळव्यांवरचा भार हलका झाला, पाणी वळलं आणि पलीकडं पिंपाच्या तळाशी वाजलं. मी शिडीवर उभ्या उभ्या टाळ्या पिटल्या. पदर केव्हाच खांद्यावर आला होता.

मामांनी हातोडा उचलला. "हितं ठोकू का, बाई?" त्यांनी मलाच विचारलं.

"व्हय मामा, तिथंच," मी म्हटलं.

पाऊस महिन्याभरानं आला, तोही भर दुपारी, जेमतेम अर्धा तास. शाळा सुटल्या सुटल्या मी चिखलातून धावतच घरी आले. पिंप काठोकाठ भरलेलं! आत्या त्याच्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी घागर पाण्यात बुडवली, वर काढली, पिंपातच रिकामी केली आणि पुन्हा बुडवली.

मी विचारलं, आत्या, हे काय चाललंय?

"बघतीय," त्या म्हणाल्या. "जलम गेला, प्यायच्या पाण्यात घागर बुडवली न्हवती म्या."