नवमीचा मांडा

खापर फुटलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर मांडा होता.

कोपरापर्यंत पसरलेला, पातळ, आतलं पुरण दिसेल असा. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर ताडकन उकललं आणि तुकडे जाळात पडले. ती तशीच उभी राहिली. मांडा खाली ठेवायला जागा नसते. तो हातावरून खापरावरच जातो. तिचा दीर समोर पाटावर बसला होता. त्याच्यापुढे गोवरीचा निखारा लाल होऊन तयार होता, तुपाची वाटी शेजारी. तो निखाऱ्याकडे बघत होता, मी तिच्याकडे.

सर्वपित्री अमावास्या होती. तो मांडा तिच्या नवऱ्याच्या नावाचा होता.

धुळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. भाद्रपदात पाऊस सरत आला की पितरं सुरू होतात, आणि आमच्याकडे पितराला खापरावरचा मांडाच लागतो. तव्यावरची पोळी तुमच्या-आमच्यासाठी. आम्हा दोघींना घरोघरी बोलावणं यायचं. मी पाट्यावर पुरण वाटायची, ती मांडे करायची. कणीक अशी आपटून मळायची की घरधनीण विचारायची, "कोणावर राग काढते ही?"

तिला बसलेली कोणी पाहिली नव्हती. चहा दारात उभ्यानं, तोंड रस्त्याकडे. मांडे झाले की घरातले जेवायला थांबवायचे, तर ही पदर खोचून निघालेली. मी म्हणायची, "अगं, घडीभर टेक."

"आच उतरी जाई, अक्का."

"चूल विझून तास झाला. कसली आच?"

तरी जायचीच. घरी काही काम नसायचं. दाराची कडी काढून ठेवायची, अंगण झाडायची, झाडलेलं परत झाडायची. मधेच बस स्टँडवर जाऊन चोपड्याची गाडी आली का बघून यायची. एकदा मी तिला म्हणाले, "मेल्यावर तरी तुला आडवं करता येईल का गं?" तर म्हणाली, "तव्हय देखू."

तिचा नवरा केळीच्या ट्रकवर होता. चोपड्याहून केळी भरून उत्तरेकडे न्यायची, रिकामी गाडी परत आणायची. अशाच एका भाद्रपदात तो गेला. गाडी परत आली, तीही दुसऱ्याच माणसानं आणली. तो माणूस सांगत होता की हा ढाब्यावर चहाला उतरला आणि दिसेनासाच झाला. अपघात नाही, भांडण नाही. पोलिसांत झालं, गाडीवाल्यांकडे झालं, एक देवऋषीही झाला. पोरबाळ नव्हतं. राहिली ती आणि दार.

माझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर गेला. रडले, कुंकू पुसलं, त्याची तिथी मला पाठ आहे. मी बसू शकते. हिनं कुंकू ठेवलं. गल्लीतल्या बायका संक्रांतीला वाण द्यायचं की नाही म्हणून अडखळायच्या. ही ताट घेऊन आपणच त्यांच्या दारात जायची आणि म्हणायची, "लावा." लावावंच लागायचं.

बारा वर्षं वाट बघतात, मग गेला असं धरतात. आमच्याकडची रीत आहे. बारा झाली, त्यावर आणखी काही गेली, तेव्हा शिरपूरहून दीर यायला लागला. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. घर-जमीन काही मागत नव्हता. त्याच्या मुलीचं मूल पोटातच गेलं होतं, मुलाचं लग्न जुळून मोडलं होतं. कोणीतरी त्याला सांगितलं की घरात एक पितर उपाशी फिरतो आहे.

"वहिनी, तुम्ही बठ्ठा गावना पितरं जेवाडतीस," तो म्हणाला. "मना भाऊ उपाशी शे."

त्याला ती, "तो मरना नही," असं नेहमी सांगायची. त्या दिवशी ते न म्हणता तिनं झाडू उचलला. उपाशी हा शब्द तिला लागला. जिवंत असेल तर त्याच्या नावानं आगारी टाकणं पाप. मेला असेल तर न टाकणं पाप. आगारी म्हणजे निखाऱ्यावर तूप सोडून पहिल्या मांड्याचा तुकडा टाकायचा, नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं तो गेला. पुढच्या वर्षी मग तिला कोणी वाण देणार नव्हतं, आणि कडी लावून झोपायला कोणाची हरकत नव्हती.

रात्रभर तिच्या अंगणात झाडू चालला होता. सकाळी येऊन म्हणाली, "अक्का, पुरण वाटी दे. मी आज घालस त्याले जेवाले."

तर असं ते खापर फुटलं.

तिचं जुनं खापर चांगलं काळंभोर होतं, पण ते तिनं त्या वर्षी माळ्यावरून काढलंच नाही. बाजारातून नवं आणलं. नवं खापर आधी मंद जाळावर तापवून घ्यावं लागतं, हे तिनंच गल्लीतल्या सुनांना शिकवलेलं. त्या सकाळी ती चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पऱ्हाट्या कोंबत होती. मी म्हणाले, "जाळ कमी कर." तिनं ऐकलं नाही.

खापर फुटल्यावर दीर म्हणाला, "अक्का, तुमचं खापर द्या."

"माझं माझ्या पितरांना लागतं, नाना. आज अमावास्या आहे, कोणाच्या घरचं रिकामं मिळेल?"

"मग साधी पोळी करा तव्यावर."

तेव्हा ती बोलली. हातावरचा मांडा तसाच. "त्याले तव्यावरनी चालत नही, भाऊ."

दीर हसला. मला वाटतं त्याला आठवलं असावं. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले. निखाऱ्यावर राख धरत होती. त्यानं तुपाची वाटी उचलली आणि वरणात ओतून टाकली. वरण-भात जेवला, पाणी प्यायला, निघताना वाकून तिच्या पाया पडला. ती मांडा घेऊन बाहेर गेली आणि कच्चाच गाईपुढे टाकला. गाईनं खाल्ला. पुरण आवडतं तिला.

मी नंतर विचारलं, "मुद्दाम फोडलंस का?"

"मी फोडं नही," ती म्हणाली. "पन जाळ मी कमी कया नही."

त्यानंतर दिरानं तो विषय काढला नाही. मुलाचं लग्न पुढे झालं, नातू झाला. ती मात्र आणखीच भरभर चालायला लागली. म्हातारपणात माणसं सावकाश होतात, हिचं उलटं. एखाद्या घरी कणीक मळून ठेवायची आणि मध्येच स्टँडवर जाऊन यायची. मी तिथल्या घरधनिणीला सांगायची, "मुरू द्या कणीक, येते ती."

गेल्या फाल्गुनात मी सकाळी दूध घ्यायला निघाले तर ती दाराच्या चौकटीला टेकून बसली होती, पाय लांब करून. मला वाटलं, आज हिला उसंत मिळाली. हाक मारली. मग जवळ गेले.

भाद्रपद आला तसा दीर माझ्या दारात. आता काठी घेऊन चालतो. बराच वेळ काठीनं फरशी टोकरत बसला.

"अक्का, वहिनीचं पितर कोणत्या दिवशी घालू?"

तुम्हाला माहीत असेल, नवरा असताना जी बाई जाते तिचं पितर नवमीला घालतात. बाकीच्यांचं त्यांच्या त्यांच्या तिथीला.

"नवमीला," मी म्हणाले.

"मंग मना भाऊ जित्ता शे का?"

"मला काय माहीत? तुमची वहिनी नवमीची होती, एवढं माहीत आहे."

तो "बरं" म्हणाला.

नवमीला तिच्या घरी जाऊन मी माळ्यावरून तिचं जुनं खापर काढलं. पऱ्हाट्या बेतानं घातल्या, जाळ मंद ठेवला. माझ्या हाताला मांडा येत नाही, मी पुरणवाली. पहिला कोपराशी फाटला, दुसरा खापरावर गोळा झाला. तिसरा जमला. दिरानं निखाऱ्यावर तूप सोडलं, तिचं नाव घेतलं, तुकडा टाकला. चांगला धूर झाला. मग आम्ही फाटलेले मांडे दुधात चुरून खाल्ले. जाताना त्यानं दार ओढून घेतलं, कडी घातली नाही.

अमावास्येला तो आला नाही. मीही तिची चूल पेटवली नाही.

खापर फुटलं त्या दिवशी त्या चुलीपाशी आम्ही तिघं होतो. आता दीर आहे आणि मी आहे. चौथ्याचं मला माहीत नाही.