दोन किलोंचा फरक

अमोलचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. “नलूमावशी, आत्या गेली… चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी आणून देईपर्यंत…” मी विचारलं, “कुठे आहेस?” तो म्हणाला, “तिच्याजवळच.” तीनच आठवड्यांपूर्वी मी मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये जाऊन आले होते. त्याच्या आत्याला, म्हणजे रूथताईला, एक गोष्ट सांगायची म्हणून मेट्रोने मुद्दाम गेले होते, आणि न सांगताच परत आले होते.

मी नोकरीनिमित्त दिल्लीत आले तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ती आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर राहायची. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, एकटी. भावाच्या मुलाला, अमोलला, तिने शिकायला जवळ ठेवून घेतलं होतं. दोघींचं ऑफिसही एकच. दिवसभर फायली आणि सुट्टी लागली की डोंगर, असं तिचं चालायचं. ऑफिसातल्या आठदहा जणांचा गिर्यारोहणाचा गट तिनेच उभा केला होता. बसचं आरक्षण, शिधा, औषधं, सगळं ती बघायची आणि सगळ्यांच्या पुढे चालायची. मला पहिल्यांदा बर्फाचं शिखर दाखवलं ते तिने. मी तिथे उभी राहून रडले होते आणि ती बिल्कुल हसली नव्हती.

गटाचा तंबू जाड कॅनव्हासचा होता, तो न्यायला खेचर लागायचं. आपल्या दोघींना पाठीवर नेता येईल असा एक हलका तंबू हवा, असं तिच्या मनाने घेतलं. पहाडगंजच्या एका गल्लीत परदेशी गिर्यारोहकांनी परत जाताना विकलेलं सामान मिळायचं. तिथे तिने दोन तंबू हेरले. एक दुपदरी, आत जाळीचं कापड आणि वर पावसाचं वेगळं कव्हर. वजन चार किलोंच्या आसपास. दुसरा एकाच पातळ कापडाचा, दोन किलोंचा. दुकानदार ओळखीचा होता. “ले जाओ मैडम, देख लो,” म्हणाला आणि दोन्ही तंबू चार दिवसांसाठी दिले. जानेवारीतल्या धुक्यात आम्ही ते गच्चीवर लावले आणि एकेक रात्र एकेकात झोपलो. एकपदरी तंबूत सकाळी छतावरून थेंब पडत होते. पाऊस तर नव्हताच. रूथताईने कापडावरून बोट फिरवून मला दाखवलं. “बघ नलू, हा आपलाच श्वास. बाहेर जायला वाटच नाही त्याला. थंडीत हा आपल्याला भिजवणार.”

पण त्या वर्षी माझी पाठ धरलेली असायची, आणि ते कुणाला कळू नये असंही मला वाटायचं. जड तंबू घेतला तर कधीतरी मी मागे पडणार, मग गटात चर्चा होणार… मी म्हटलं, “ताई, दोन किलोंचा फरक आहे. हलका घेणार असशील तर मी येते. नाहीतर तू दुसरं कुणी बघ.” ती थोडा वेळ दोन्ही तंबूंकडे बघत राहिली. “अच्छा. हलका घेऊ,” म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्या ऑक्टोबरात गढवालमधली एक नवी वाट बघून यायला आम्ही दोघीच गेलो. उंचावरच्या कुरणात तंबू लावला आणि चार वाजता आभाळ भरून आलं. बर्फ पडायला लागलं तेही ओलं, जड. अंधार पडेपर्यंत छत आमच्या तोंडावर आलं. आतून पाणी गळायला लागलं, माझी स्लीपिंग बॅग चिंब झाली आणि मी इतकी कुडकुडायला लागले की माझे शब्द मलाच समजेनात. रूथताईने मला तिच्या कोरड्या बॅगेत घातलं. स्वतःचे कोरडे मोजेही माझ्या पायांत चढवले. तंबूची वाकलेली काठी आतून दोन्ही हातांनी धरून ती सकाळपर्यंत बसून राहिली. मध्येमध्ये हाक मारायची. “नलू, झोपू नकोस. पाढे म्हण.” मी पाढे म्हणत होते. तिच्या पायांचं काय होतंय, हे मी एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाली उतरणाऱ्या मेंढपाळांनी आम्हाला गावात आणलं. पुढे दिल्लीत तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

ती कामावर परतल्यावर गटाची बैठक झाली, कँटीनमागच्या हिरवळीवर. कुणीतरी सरळच विचारलं, “तंबू किसने चुना था?” मी तोंड उघडायच्या आत रूथताई म्हणाली, “मैंने.” मी चहाच्या पेल्यात बघत बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. अनुभवी माणसाने असा तंबू निवडावा याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, मग हळूहळू राग आला, आणि महिन्याभरात गट माझ्याकडे सोपवायचं ठरलं. मी तो घेतला. पुढची कितीतरी वर्षं मी लोकांना डोंगरात नेलं. तंबू निवडताना काय बघावं हे सांगत राहिले, तिचीच वाक्यं वापरून. रूथताई काठी घेऊन ऑफिसला यायची. आमचं येणंजाणं सुरूच राहिलं. ती निवृत्त होऊन मयूर विहारला गेली, तरी ख्रिसमसला करंज्यांचा डबा माझ्याकडे यायचाच. दर वेळी वाटायचं, आज सांगू. सांगायचं तिला नव्हतंच, तिला ठाऊक होतं. ‘मी सगळ्यांना खरं सांगणार आहे’ एवढंच तिच्यासमोर म्हणायचं होतं. शेवटच्या भेटीत तेही जमलं नाही. डोंगरात जाऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या दोन मुली तिच्याकडे सल्ल्याला आल्या होत्या आणि मला निघायला निमित्त मिळालं.

दफनानंतर काही दिवसांनी तिच्या घरी प्रार्थनासभा झाली. जुने सहकारी आले होते. एकजण प्रेमानेच बोलले, “तंबूच्या बाबतीत त्यांची एकदा चूक झाली खरी, पण माणूस म्हणून…” मी उभी राहिले. “ती चूक माझी होती,” म्हटलं, आणि गच्चीवरच्या सकाळपासून सगळं सांगितलं. एक बाई रुमालाची घडी उलगडत राहिल्या.

सगळे गेल्यावर अमोल म्हणाला, “मावशी, मला माहीत होतं. आत्याने सांगितलं होतं मला. मी खूप चिडलो होतो तुमच्यावर. ती म्हणायची, नलू स्वतः सांगेल, आपण कशाला बोलायचं.” “तुम्ही येऊन गेलात की मी विचारायचो, मावशी आज काही बोलल्या? ती मानेनेच नाही म्हणायची… नंतर मी विचारणं सोडलं.”

त्याने मला तिच्या खोलीत नेलं. पलंग भिंतीला सरकवलेला होता आणि उरलेल्या जागेत एक तंबू लावलेला होता, हिरवा, दुपदरी, अगदी नवा. मी येऊन गेल्यानंतर त्या दोन मुलींनी तो तिला दाखवायला आणला होता. आत दोन माणसं नीट मावतात का, हे बघायला रूथताई काठी बाहेर ठेवून त्यात जाऊन झोपली होती. “काढायला हात होत नाही,” अमोल म्हणाला.

मी गुडघ्यांवर बसून आत गेले. एका कडेला तिची सतरंजी होती, उशीवर अजून खळगा होता. दुसरी बाजू तिने मोकळी ठेवली होती. मी त्या बाजूला आडवी झाले. जाळीतून पंख्याचा वारा येत होता. बाहेरून अमोलने विचारलं, “मावशी, ठीक आहात ना?”

मी हात वर करून छताच्या कापडावरून बोट फिरवलं; ते कोरडं होतं.